दोन डोळे, एक ओळ

संस्कृत टीकाकारांच्या भांडारात 'काकाक्षिगोलकन्याय' नावाचा एक मजेदार न्याय आहे. कावळ्याला डोळ्यांच्या खोबणी दोन, पण आतला गोल एकच. गरज पडेल तसा तो या खोबणीतून त्या खोबणीत फिरवतो, अशी ती समजूत. वाक्यातला एकच शब्द आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही पदांशी जोडून घ्यायचा असला, की टीकाकार या कावळ्याला बोलावतात. रामाने दर्भाच्या अस्त्राने कावळ्याचा एक डोळा घेतला, ही रामायणातली कथा या समजुतीशी जोडली जाते. प्राणिशास्त्र तिला दुजोरा देत नाही. कावळ्याला चांगले दोन डोळे असतात.

माणसाचे कोडे या न्यायाच्या नेमके उलट आहे. गोल दोन, चित्रे दोन, पण दिसते ते एक. हा अंक हातात धरून तुम्ही ही ओळ वाचता आहात तेव्हा ती दोनदा उमटते आहे : एकदा उजव्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर आणि एकदा डाव्या. तरीही तुम्ही ती एकदाच वाचता. हे कसे घडते, आणि घडत नाही तेव्हा काय होते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

माझ्यापुरता हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. मी ३१ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले, आणि ते जवळजवळ सगळे एका डोळ्याने. माझा डावा डोळा लहानपणापासून 'आळशी' आहे. शाळेतल्या तपासणीत ते लक्षात आले तेव्हा मी १० वर्षांचा होतो. वाचायला एक डोळा पुरतो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. मग दुसरा कशासाठी? आणि दुसरा असूनही तो जोडीला येत नसेल, तर नेमके काय बिघडते? निवृत्तीनंतरच्या वाचनात मी या प्रश्नांच्या मागे लागलो. हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

फरक हीच माहिती

हात लांब करून अंगठा उभा धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये साधारण ६ ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, म्हणून प्रत्येक डोळा जगाकडे किंचित वेगळ्या जागेवरून पाहतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने खांबाजवळ उभे राहून हाच प्रयोग करायला सांगितला होता : उजव्या डोळ्याला खांबाची उजवी बाजू जास्त दिसते, डाव्याला डावी. लिओनार्दो दा विंचीलाही एक गोष्ट खटकत होती. चित्र कितीही हुबेहूब काढले, तरी दोन डोळ्यांनी पाहिलेल्या खऱ्या वस्तूचा उठाव त्यात येत नाही.

गंमत अशी, की शेकडो वर्षे या फरकाकडे अडचण म्हणून पाहिले गेले. दोन वेगळी चित्रे आहेत, तर ती एक कशी होतात, एवढाच सवाल होता. हा फरक म्हणजेच खोलीची माहिती, हे दाखवले चार्ल्स व्हीटस्टन यांनी, १८३८ साली, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे. विज्ञान शाखेत गेलेल्या प्रत्येकाला 'व्हीटस्टन ब्रिज' आठवत असेल. तेच हे गृहस्थ. त्यांनी काटकोनात दोन आरसे बसवले आणि प्रत्येक डोळ्यापुढे एकाच वस्तूचे किंचित वेगळ्या कोनातून काढलेले रेखाचित्र ठेवले. छायाचित्रणाची जाहीर घोषणा व्हायला अजून एक वर्ष होते, म्हणून चित्रे नुसत्या रेघांची. पण आरशांत पाहताच त्या सपाट रेघांमधून घन आकार उभा राहिला. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप केला, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तो व्हिक्टोरिया राणीला आवडला आणि घरोघरी पोचला. आमच्या पिढीने आणि आमच्या मुलांनी 'व्ह्यूमास्टर' या खेळण्यातून पाहिला तो याचाच वंशज. इतर मुले त्यात पाहून 'अबब' म्हणत, तेव्हा मला मात्र सुंदर रंगीत चित्रेच दिसत, आणि ती सपाट असत.

एका डोळ्याला खोली अजिबात कळत नाही, असा याचा अर्थ नव्हे. जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते, दूरची माणसे लहान दिसतात, मान हलवली की जवळचे भराभर सरकते आणि लांबचे सावकाश. या खुणांना दुसरा डोळा लागत नाही. मन्सूर अली खान पतौडी यांचा उजवा डोळा १९६१ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या मोटार अपघातात काचेचा तुकडा घुसून जवळजवळ निकामी झाला. सुरुवातीला त्यांना एका चेंडूचे दोन चेंडू दिसत. पेल्यात पाणी ओतायचे तर ते पेल्याबाहेर पडे. तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते पहिली कसोटी खेळले, पुढच्या मार्चमध्ये वयाच्या २१ व्या वर्षी भारताचे कर्णधार झाले आणि कारकिर्दीत ६ कसोटी शतके काढली. एक डोळा काय करू शकतो, याचा हा पुरावा आहे. पाणी ओतताना त्यांना काय नव्याने शिकावे लागले, हा दुसऱ्या डोळ्याच्या कामाचा पुरावा.

एका वेळी दोन पुस्तके

दोन डोळ्यांना थोडी वेगळी चित्रे दिली, तर मेंदू ती जोडतो. अगदीच वेगळी दिली तर? हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो पुस्तकांच्या मदतीनेच. नेपल्सचे जाम्बातिस्ता देल्ला पोर्ता यांनी १५९३ साली प्रकाशित केलेल्या ग्रंथात आपला प्रयोग सांगितला आहे. एका डोळ्यापुढे एक पुस्तक, दुसऱ्या डोळ्यापुढे दुसरे, आणि दोन्ही एकदम वाचायचा प्रयत्न. दोन डोळे असल्यामुळे दुप्पट वाचन होत असते, तर आपल्या सगळ्यांच्या न वाचलेल्या पुस्तकांची थप्पी निम्मी झाली असती! पण तसे झाले नाही. एका वेळी एकच पान दिसे. लक्ष दुसरीकडे वळवले, की पहिले पान विरून जाई.

याला आज दोन डोळ्यांमधली स्पर्धा म्हणतात. चित्रे जुळण्याजोगी नसली, की मेंदू त्यांची सरमिसळ करत बसत नाही. एकाला पुढे करतो, दुसऱ्याला मागे सारतो, आणि थोड्या वेळाने पाळी बदलतो. मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे : काणाडोळा. आपण तो माणसांच्या वागण्याबद्दल वापरतो, पण मेंदू ते अक्षरशः करतो. मोठ्या माणसात हा काणाडोळा क्षणभराचा असतो. लहान मुलात तो कायमचा होऊ शकतो. कसा, ते समजण्यासाठी डोळ्यांमागे जायला हवे.

मांजरीची पिल्ले आणि सात वर्षांचे मूल

प्रत्येक डोळ्यातून सुमारे १० लाख तंतूंची एक जुडी मेंदूकडे निघते. वाटेत दोन्ही जुड्या भेटतात. तिथे प्रत्येक डोळ्यातले नाकाकडच्या अर्ध्या भागाचे तंतू पलीकडे जातात, कानाकडचे आपल्याच बाजूला राहतात. परिणाम असा, की समोरच्या दृश्याचा उजवा अर्धा भाग दोन्ही डोळ्यांकडून मेंदूच्या डाव्या बाजूला पोचतो आणि डावा अर्धा भाग उजव्या बाजूला. एकाच जागेची दोन वृत्ते अशी एकाच कचेरीत येतात. न्यूटनने १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्ये, शेवटी मांडलेल्या प्रश्नांत, असेच काही असावे असा तर्क केला होता. मासे आणि सरडगुहिरा यांच्यासारख्या, दोन्ही डोळ्यांनी एकाच दिशेला न पाहणाऱ्या प्राण्यांत या तंतूंची अशी भेट होत नसावी, असेही त्याने सुचवले होते.

त्या कचेरीत पुढे काय होते, ते डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझल यांनी १९५९ पासूनच्या प्रयोगांत दाखवले. मेंदूच्या मागच्या भागातल्या दृष्टीच्या पेशींपैकी बऱ्याच पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देतात. कोणी डाव्याला अधिक, कोणी उजव्याला अधिक, कोणी दोघांना सारखा. मग त्यांनी मांजरीच्या नवजात पिल्लांचा एक डोळा पहिले तीन महिने शिवून बंद ठेवला. टाके काढल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदूतल्या जवळजवळ सगळ्या पेशी उघड्या राहिलेल्या डोळ्याने आपल्याकडे ओढून घेतल्या होत्या. मोठ्या मांजरात डोळा तितकाच काळ बंद ठेवला, तरी असे काही होत नसे. आणखी एका प्रयोगात त्यांनी डोळा न झाकता त्याचा एक स्नायू कापून पिल्लाला तिरळे केले. आता दोन्ही डोळ्यांच्या पेशी शाबूत राहिल्या, पण दोघांना मिळून प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळपास नाहीशा झाल्या. १९८१ चे नोबेल पारितोषिक या दोघांना, रॉजर स्पेरी यांच्यासोबत, मिळाले. पिल्लांवरच्या या प्रयोगांनी मन अस्वस्थ होते, आणि व्हावेही. पण त्यांच्यामुळेच जगभरच्या मुलांचे डोळे तपासण्याचे वय बदलले, हेही खरे.

कारण माणसाच्या मुलातही हीच गोष्ट घडते. खोलीची जाण बाळाला साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात येऊ लागते आणि दृष्टीची घडण पुढची काही वर्षे चालू राहते. या काळात एक डोळा तिरळा असला, किंवा दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या नंबरात मोठा फरक असला, किंवा एका डोळ्यात जन्मतः मोतीबिंदू असला, तर मेंदूकडे न जुळणारी चित्रे येतात. दोन दोन दिसण्याच्या गोंधळातून सुटण्यासाठी मेंदू एका डोळ्याकडे काणाडोळा करतो. तो वर्षानुवर्षे चालला, की डोळा दिसायला धडधाकट पण नजर अधू, अशी स्थिती होते. हाच आळशी डोळा. नाव अन्यायाचे आहे. आळस डोळ्याचा नसतो. त्याची दाद घेणारे कोणी उरलेले नसते. शंभरामागे एक ते तीन मुलांत हे आढळते.

यातली सगळ्यात दगाबाज गोष्ट अशी, की मूल तक्रार करत नाही. चांगला डोळा सगळे निभावून नेतो. तिरळेपणा असला तर निदान आईबापांच्या लक्षात येतो. तोही 'भाग्याचा' म्हणून किंवा 'मोठेपणी जाईल' म्हणून सोडून दिला जातो, हे मी जवळच्या घरांत पाहिले आहे. माझ्यासारख्या मुलांत डोळे सरळ असतात आणि फरक फक्त नंबराचा असतो. तो एकेक डोळा झाकून तपासल्याशिवाय कळत नाही. उपाय मात्र साधा आहे. योग्य चष्मा, आणि गरज लागली तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. मध्यम प्रमाणातल्या दोषाला दिवसाला २ तासांची पट्टी ६ तासांच्या पट्टीइतकीच गुण देते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसले. सातव्या वर्षाआधी फायदा सर्वांत जास्त. त्यानंतरही बऱ्याच मुलांत सुधारणा होते, म्हणून उशीर झाला असे मानून हात टेकू नयेत. स्यू बॅरी या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बाई लहानपणापासून तिरळ्या. व्यायामांनी त्यांना पहिल्यांदा खोली दिसू लागली ती वयाच्या ४८ व्या वर्षी. ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यांच्यावर २००६ साली लेख लिहिला आणि २००९ मध्ये त्यांचे स्वतःचे पुस्तक आले. अशी उदाहरणे थोडी आहेत, पण 'आता काहीच होणार नाही' हे वाक्य त्यांनी कायमचे ढिले करून टाकले.

जोडी हाकताना

आता वाचनाकडे येऊ. प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी हलतो, म्हणजे जोडीला बारा. एवाल्ड हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये म्हटले, की दोन डोळ्यांना स्वतंत्र आज्ञा मिळत नाहीत. एकाच लगामाने घोड्यांची जोडी हाकावी, तसे ते हाकले जातात. त्याच्या मते ही सांगड जन्मजात. हेल्महोल्ट्झ मात्र म्हणत, की ती सवयीने शिकलेली आहे. हा वाद अनेक दशके रंगला, आणि आज दोघांच्याही पदरात थोडे थोडे सत्य पडले आहे.

लांब पाहताना दोन्ही नजरा जवळपास समांतर असतात. पुस्तक ४० सेंटिमीटरवर आणले, की प्रत्येक डोळ्याला साधारण साडेचार अंश नाकाकडे वळावे लागते. त्याच वेळी आतले भिंग फुगते आणि बाहुली लहान होते. ही तिन्ही कामे एका दोरीत बांधलेली आहेत. त्यामुळे एक मजेची, पण महत्त्वाची गोष्ट घडते. दूरदृष्टीचा मोठा नंबर असलेले मूल स्पष्ट दिसावे म्हणून भिंगावर जोर देते, आणि त्या जोराबरोबर डोळाही आत ओढला जाऊन तिरळा होतो. डच नेत्रवैद्य डोंडर्स यांनी १८६४ मध्ये हे उलगडून सांगितले. अशा तिरळेपणाला अनेकदा शस्त्रक्रिया लागत नाही; चष्मा लावताच डोळा सरळ होतो. आपल्याकडे वयाला आणि चष्म्याला मिळून 'चाळिशी' हा एकच शब्द आहे. त्या वयात भिंग ताठर होत जाते आणि या दोरीचा एक पदर सैल पडतो. चष्मा त्या पदराचे काम बाहेरून करतो.

ओळीवरच्या उड्या

वाचताना नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहते, असे आपल्याला वाटते. तसे नाही, हे कळले ते पॅरिसमध्ये, १८७९ च्या सुमारास. लुई एमिल जावाल हा मुळात खाणींचा अभियंता. बहिणीच्या तिरळेपणाचे कोडे सोडवण्यासाठी तो वैद्यकाकडे वळला आणि स्टिरिओस्कोपची चित्रे वापरून दोन डोळ्यांना एकत्र काम करायला शिकवण्याची पद्धत त्याने रचली. नंतर वाचनाने त्याला झपाटले. त्याच्या प्रयोगशाळेतल्या लामार या सहकाऱ्याने वाचणाऱ्याच्या पापणीवर बोथट टोक टेकवून त्याला रबरी नळी जोडली आणि नळीचे दुसरे टोक कानाला लावले. प्रत्येक हालचालीला आवाज येई. ओळ वाचताना आवाज सलग येत नव्हता; ठोक्याठोक्यांनी येत होता. हेरिंगनेही त्याच सुमारास असेच आवाज ऐकले.

म्हणजे डोळा उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. थांबा साधारण पाव सेकंदाचा, उडी सेकंदाच्या तीन-चार शतांश भागाची. दिसते ते फक्त थांब्यावर. उडीच्या वेळी मेंदू दृश्य दाबून टाकतो. खात्री करायची तर आरशात पाहून नजर एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर न्या. शेजारच्याला तुमचे डोळे हललेले दिसतील, तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. हा लेख वाचायला तुम्हाला १२ मिनिटे लागली, तर त्यात सुमारे ३ हजार थांबे झाले. थांब्यावर अगदी स्पष्ट दिसणारा भाग हात लांब केल्यावरच्या अंगठ्याएवढा, दोनेक अंशांचा; पुस्तकावर तो दीड सेंटिमीटरही भरत नाही. आपल्या नेहमीच्या छपाईत पाच-सहा अक्षरे. इंग्रजी वाचताना पुढच्या म्हणजे उजव्या बाजूची चौदा-पंधरा अक्षरे आणि डावीकडची जेमतेम तीन-चार उपयोगी पडतात, असे कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या हिब्रूत ही पुढची झेप डावीकडे वळते. म्हणजे ही सवय लिपीने लावलेली.

आता मुख्य मुद्दा. या प्रत्येक थांब्यावर दोन्ही डोळे एकाच अक्षरावर असतात का? बरीच दशके संशोधकांनी तसे गृहीत धरले, आणि सोयीसाठी एकाच डोळ्याची हालचाल मोजली. गेल्या वीसेक वर्षांत सायमन लिव्हरसेज आणि इतरांनी दोन्ही डोळे एकदम मोजले, तेव्हा दिसले, की पुष्कळ थांब्यांवर दोन नजरांमध्ये एखाद्या अक्षराचे, कधी दोन अक्षरांचे अंतर असते. कारण यांत्रिक आहे. उजवीकडे उडी मारताना बाहेर वळणारा उजवा डोळा जरा जास्त जलद आणि जरा पुढे जातो. आत वळणारा डावा मागे राहतो. थांब्यावर दोघे हळूहळू एकमेकांकडे सरकतात, तोवर पुढच्या उडीची वेळ होते.

मग अक्षरे दोन दोन का दिसत नाहीत? कारण मेंदू थोडी सूट देतो. डॅनिश शरीरशास्त्रज्ञ पॅनुम यांनी १८५८ मध्ये दाखवले होते, की दोन चित्रे अगदी तंतोतंत जागेवर नसली, तरी एका मर्यादेपर्यंत मेंदू ती एक करून घेतो. मुद्रितशोधकाला हे वाचून बरे वाटले. दोन प्रुफे तंतोतंत जुळत नसतात. अर्थ जुळतो की नाही, हे पाहणारा कोणीतरी लागतो.

दोन डोळ्यांचे वाचनातले फायदेही आहेत, पण ते बेताचे. मंद छपाई ओळखण्याची क्षमता दोन डोळ्यांनी सुमारे १.४ पट होते. शिवाय प्रत्येक डोळ्याला एक आंधळा ठिपका असतो. ४० सेंटिमीटरवरच्या पानावर तो नजरेपासून बाहेरच्या बाजूला १०-११ सेंटिमीटरवर पडतो, आणि त्यात चार सेंटिमीटरचा शब्द सहज गडप होतो. दुसरा डोळा तो झाकून घेतो. एका डोळ्याने वाचणाऱ्याला तो जाणवत नाही, कारण तिकडे पोचेपर्यंत नजरच पुढे सरकलेली असते. पण आळशी डोळ्याची मुले दोन्ही डोळे उघडे ठेवूनही सोबत्यांपेक्षा हळू वाचतात, असे मोजमापात आढळले आहे. याचे एक कारण असे मानले जाते, की अशा जोडीत नजर ओळीवर तितकी स्थिर ठरत नाही.

आपली लिपी आणि नजर

मराठी वाचकाच्या नजरेला इंग्रजीपेक्षा काही वेगळी कामे असतात. देवनागरी नुसती डावीकडून उजवीकडे जात नाही. ती वर आणि खालीही पसरते. अनुस्वार आणि रफार डोक्यावर, उकार पायाशी. ऱ्हस्व इकार व्यंजनाआधी लिहायचा आणि नंतर उच्चारायचा. 'सूर्य'मधला र उच्चारात य-च्या आधी, पण बसतो य-च्या डोक्यावर. लिहिण्याचा आणि उच्चाराचा क्रम असा उलटला, की वाचकाला किंचित जास्त वेळ लागतो, असे हिंदी वाचकांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. मुद्रितशोधनात सर्वांत जास्त निसटतात ते अनुस्वार आणि रफार, हा माझ्या धंद्यातला जुना अनुभव. नजर ओळीच्या मध्यावर उतरते आणि शब्द ओळखीचा वाटला, की वरचा ठिपका न तपासताच पुढे जाते.

शब्दांमधली मोकळी जागा ही उडीसाठी खुंटी असते. इंग्रजी मजकुरातली ती काढून टाकली, तर वाचनाचा वेग बराच घटतो. छापील देवनागरीत शिरोरेषा शब्द संपताच तुटते, त्यामुळे ही खुंटी ठळक असते. मोडीत मात्र आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे टांगत जायचे. शब्द कुठे संपला, हे रेघ सांगत नाही. जुन्या पोथ्यांतही शब्द जोडूनच. शिवाय पोथीचे पान आडवे आणि ओळ लांब. लांब ओळीच्या शेवटून पुढच्या ओळीच्या आरंभी परत येणारी उडी सर्वांत मोठी. ती पुष्कळदा तोकडी पडते आणि छोटी दुरुस्ती करावी लागते. वर्तमानपत्रांचे अरुंद स्तंभ नजरेला सोपे का वाटतात, याचे एक कारण इथे आहे. पोथ्या बहुतेक मोठ्याने वाचल्या जात. तिथे घाई नव्हती आणि जीभ नजरेला धरून ठेवत होती. मोडी वाचणाऱ्या दफ्तरातल्या कारकुनाचे डोळे सरावाने दुसऱ्या खुणा शोधत. लिपी बदलली, की डोळ्यांची शिकवणही बदलते.

डोळ्यांचा दोष आणि वाचनाचा दोष

काही मुलांचे आणि मोठ्यांचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे उत्तम असतात, पण जवळ पाहताना पुरेसे आत वळत नाहीत, किंवा वळून टिकत नाहीत. थोडे वाचले, की कपाळ दुखते, अक्षरे दोन दोन होतात, ओळ चुकते. मूल नकळत एका डोळ्यावर हात ठेवून वाचू लागते. इथे माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. वाचनाला एक डोळा पुरतो. पण एकमेकांशी न पटणारे दोन डोळे एकापेक्षा जास्त त्रास देतात.

यावर व्यायाम आहेत. ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, दवाखान्यात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली १२ आठवडे केलेले व्यायाम घरच्या घरी पेन्सिल नाकाकडे आणण्याच्या व्यायामापेक्षा बरेच सरस ठरले. डोळे सुधारले, म्हणजे वाचनही सुधारले असेल, असे कोणालाही वाटेल. तेच तपासण्यासाठी ३११ मुलांवर दुसरी चाचणी झाली. २०१९ मध्ये तिचा निकाल आला : खऱ्या व्यायामांनी वाचनाचे आकलन लुटुपुटीच्या व्यायामांपेक्षा जास्त सुधारले नाही.

हा निकाल पालकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. अक्षरे आणि ध्वनी यांची सांगड घालणे ज्या मुलांना जड जाते, त्यांना आपण डिस्लेक्सिया असलेली मुले म्हणतो. ती अडचण प्रामुख्याने भाषेच्या बाजूची आहे, डोळ्यांची नाही. डोळ्यांच्या व्यायामांनी किंवा रंगीत काचांनी ती बरी होते, असा दावा कोणी करत असेल, तर पैसे काढण्याआधी दोनदा विचार करावा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्तपणे हेच बजावले आहे. अशा मुलाला हवे असते ते वाचन शिकवण्याचे पद्धतशीर, धीराचे काम. डोळे मात्र तरीही तपासावेत, कारण एका मुलात दोन्ही अडचणी असू शकतात, आणि एकीच्या नावाखाली दुसरी राहून जाते.

जावालची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. दोन डोळ्यांना एकत्र नांदायला शिकवण्यात त्याने उमेदीची वर्षे घालवली. तिरळेपणावरचे त्याचे पुस्तक १८९६ मध्ये आले. तोवर काचबिंदूने त्याची नजर पोखरली होती, आणि १९०० मध्ये तो पूर्ण आंधळा झाला. तरी त्याने काम थांबवले नाही. १९०३ मध्ये नव्याने अंध झालेल्यांसाठी व्यवहारी सल्ल्यांचे पुस्तक लिहिले आणि १९०५ मध्ये वाचन आणि लेखन यांच्या शरीरशास्त्रावरचे. वाचताना डोळे काय करतात, यावरचा तो ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्याची एकही ओळ त्याला स्वतःला वाचता येत नव्हती.

त्याच्याइतके करणे आपल्या हाती नाही. एक छोटी गोष्ट मात्र आहे. या दिवाळीत घरात तीन-चार वर्षांचे मूल आले, तर खेळता खेळता त्याचा एक डोळा तळहाताने झाका आणि समोरची चित्रे ओळखायला सांगा. मग दुसरा झाका. एक डोळा झाकू देताना ते काहीच बोलत नसेल आणि दुसरा झाकताच हात झटकत असेल, तर फराळाचे ताट बाजूला ठेवून नेत्रतज्ज्ञांची वेळ घ्या. दोन्ही वेळा ते सारखेच हसले, तरी शाळेत जाण्याआधी एकदा रीतसर तपासणी करून घ्याच. ही तपासणी मला वयाच्या दहाव्या वर्षी मिळाली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मिळती, तर व्ह्यूमास्टरमधले ते डोंगर मलाही कदाचित उभे दिसले असते.